लेकराची नाळ

कोणत्या राजाच्या काळातली ते विचारू नका, मलाही नक्की सांगता यायचं नाही. पण गोष्ट खूप जुनी आहे.

एका गावात एक वर्ष पाऊस पडलाच नाही. गवत करपलं, घरोघरच्या गाई आटल्या आणि लहान मुलं सुकू लागली. राजाच्या तळ्याकाठच्या गोठ्यात तेवढं दूध होतं. राजाने दवंडी पिटवली : "ज्या लेकराची नाळ या गावच्या मातीत पुरली असेल, त्याला रोज एक वाटी दूध मिळेल."

गावाच्या कडेला टोपल्या विणणारी एक बाई राहायची. तीन वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर डोंगरापलीकडच्या मुलखातून पोट भरायला आली होती. तिची दोन वर्षांची ठकू दिवसेंदिवस मलूल होत चालली होती.

नवरा म्हणाला, "जाऊ नकोस तिकडे. परक्या मुलखातले म्हणून वेशीबाहेर काढतील. आहे ते छप्परही जाईल."

बाईलाही तेच वाटत होतं. खरं तर तिला आणखीही बरंच काही वाटत होतं. घाबरायला आईला कारणं कमी पडत नाहीत. रोज सकाळी ती वाटी घासून ठेवी आणि 'उद्या नक्की' म्हणे. मग एके सकाळी ठकू उठून बसेना. बाईने तिला खांद्यावर घेतलं, वाटी उचलली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

गोठ्याच्या कारभाऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय गं, तुझी नाळ कुठे पुरलीय?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण ते तिला कधीच धड जमत नसे. "डोंगरापलीकडे," ती म्हणाली.

"मग दूधही तिकडेच माग!"

"आमच्याच पोरांना पुरेना, त्यात ही पाहुणी!" मागून कुणीतरी म्हणालं.

बाई वळली. दोन पावलं चाललीसुद्धा. पण खांद्यावरची ठकू आता रडतही नव्हती. बाई तशीच माघारी आली.

"कारभारी, दूध मला नकोय. माझी नाळ कशाला विचारता?"

"आई परकी, तर लेकरू परकं. एवढंही कळत नाही?"

"असं?" बाई म्हणाली. "गावची मुलगी गावात द्यायची नाही, ही तुमचीच रीत ना? मग या रांगेतल्या एका तरी आईची नाळ इथे आहे का? सगळ्या लग्न होऊन बाहेरून आल्या. त्यांना नाही विचारलंत ते!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

नातवाला घेऊन उभी असलेली गावची म्हातारी सुईण पुढे आली. "या पोरीची नाळ मी माझ्या हातांनी पुरलीय, यांच्या झोपडीमागे. खणून बघायचंय? आणि बाबा, तुझीही मीच पुरली. तुझी आई तर दोन डोंगर ओलांडून आली होती. तुला नाही हो कुणी परका म्हटलं!"

रांग खो खो हसली. कारभाऱ्याचे कान लाल झाले. त्याने दवंडीवाल्याला बोलावून दवंडी पुन्हा म्हणायला लावली. आईबद्दल तिच्यात अक्षरही नव्हतं.

त्याने वाटी काठोकाठ भरली. ठकूने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि मग वाटी अशी घट्ट धरली की आईलाही सोडवेना.

दुसऱ्या दिवशी गावाच्या कडेकडेने राहणाऱ्या अकरा आया लेकरांना घेऊन रांगेत आल्या. इतके दिवस त्याही भीतीने घरात बसल्या होत्या. कारभाऱ्याने प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, आणि तो लेकराबद्दल होता. अकराही वाट्या भरल्या.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच : नियम काय म्हणतो ते नीट ऐकावं, आणि लेकराच्या हक्काचं ताठ मानेने मागावं.