छत्तीस वचनांचा कान

त्या राज्यात साप पुष्कळ होते आणि खोऱ्यात शिरायची वाट एकच होती. दोन कड्यांमधल्या त्या खिंडीत एक म्हातारा हत्ती आडवा उभा असे. त्याला सगळे थोरला म्हणत. ज्याला आत जायचे असेल त्याने थोरल्याच्या पुढच्या पायाशी थांबावे; पाय उचलला तर आत जावे, पाय टेकला तर मागे फिरावे, असा तिथला रिवाज होता. थोरला स्वतः कुणाला पारखत नसे. पाय केव्हा उचलायचा आणि केव्हा टेकायचा हे सांगणारी वचने त्याच्या कानात भरलेली असत, आणि त्या वचनांपलीकडे तो एक तसूभरही जात नसे.

वचने भरण्याची रीत अवघड होती. थोरला डहाळी चघळत असतानाच वचन घेई. घास आणि वचन बरोबर चालावे लागत. जबडा थांबला की कान मिटला. शिवाय वचन मानेवर बसून, कानाच्या मुळाशी, कुजबुजीतच सांगावे लागे. खालून कुणी कितीही ओरडले तरी ते बोलणे थोरल्याला ऐकू येई, त्याला तो उत्तरही देई, पण ते वाऱ्यासारखे निघून जाई. मुरत नसे.

ही रीत जाणणारा एकच जीव उरला होता. दौलू नावाचे मुंगूस थोरल्याच्या मानेवर गेली कित्येक वर्षे राहत होते. कानातली सगळी वचने दौलूची होती. फुरसे कसे वळते, घोणस कशी श्वास टाकते, धामण निरुपद्रवी असूनही का घाबरवते, हे त्याने स्वतःच्या अंगावर घेऊन शिकलेले होते आणि घासाघासाने थोरल्याच्या कानात उतरवलेले होते. खोऱ्यातली जनावरे त्याला दौलूतात्या म्हणत आणि थोरल्याच्या आधी त्याला नमस्कार करत. थोरला एवढा मोठा, पण त्याच्या पायातली बुद्धी आपली आहे, या जाणिवेवर दौलूचे शेपूट ताठ उभे असे.

पुढे सापांची एक नवी जात निघाली. हे साप अखंड येत नसत. स्वतःचे तुकडे करून, ओझेवाल्या गाढवांच्या पोकळ बांबूंतून, एकेक तुकडा वेगवेगळ्या दिवशी आत पाठवत आणि आत गेल्यावर पुन्हा जुळत. दौलूच्या वचनांत अखंड सापांची चाल होती. तुकड्याला चाल नसते. एका ऋतूत खोऱ्यातली निम्मी अंडी गेली.

राज्याचा कारभार पाहणारी मध्यसभा फार दूर होती. पायी सात महिन्यांची वाट. तिथून कुणी यायचे तर येईपर्यंत अंडीही उरली नसती आणि अंडी घालणारेही. म्हणून सभेने शब्द पाठवले. टेकडी ते टेकडी साळुंक्या बसलेल्या होत्या. एकीने ऐकावे, पाठ करावे आणि पुढचीला म्हणून दाखवावे. तिसऱ्या दिवशी या माळेतली शेवटची साळुंकी, बकुळा, थोरल्याच्या सुळ्यावर येऊन बसली. तिच्या चोचीत चाळीस नवी वचने होती आणि वर एक निरोप होता.

निरोप असा होता: जुनी वचने पुसावीत. नवी भरावीत. ती भरण्याचे काम दौलूनेच करावे, कारण थोरल्याचा कान दुसऱ्या कुणाला वश नाही. भरून झाल्यावर दौलूने मान सोडावी, पण सहा महिने जवळपास राहावे. नव्या वचनांत चूक निघाली तर दुरुस्ती त्यालाच कानाशी न्यावी लागेल.

निरोपाचा शेवट दौलूला तोंडदेखला वाटला. त्याचे लक्ष ‘मान सोडावी’ या दोन शब्दांवर खिळले होते.

“तात्या, तोंड कशाला वाकडं करताय?” बकुळा म्हणाली. “तुमच्या जागी दुसरं मुंगूस थोडंच आणलंय मी?”

“दुसरं मुंगूस असतं तर बरं होतं,” दौलू म्हणाला. “निदान चावलो तरी असतो. शब्दाला चावायचं कुठं?”

पुसण्याचे काम एका दिवसाचे होते. थोरल्याला कडुनिंबाचा पाला दिला की तो चघळताना उलटे म्हटलेले वचन कानातून गळून जाई. दौलूने आपली वचने एकेक करून उलटी म्हटली. फुरशाचे वचन म्हणताना त्याची जीभ अडली, कारण त्या वचनासाठी त्याने एक कान अर्धा गमावला होता. शेवटचे वचन गळले तेव्हा खिंड पूर्ण उघडी पडली, आणि नवी वचने बसेपर्यंत दौलू स्वतः थोरल्याच्या पायाशी उभा राहिला. त्याने दोन दिवसांत एकही साप आत जाऊ दिला नाही. हे इथे सांगितले पाहिजे; कारण त्याच्या मनात जे होते ते कामचुकारपणाचे नव्हते.

तिसऱ्या दिवशी उंबराची कोवळी डहाळी आणून त्याने भरायला सुरुवात केली. लगेच अडचण आली. नवी वचने तरुण हत्तींसाठी रचलेली होती, लांबलचक. थोरल्याचा जबडा संथ, घास लहान; अर्ध्या वचनावर चघळणे संपे आणि कान मिटे. दौलूने प्रत्येक वचनाचे दोन तुकडे केले, सांध्यावर एक शब्द दोनदा म्हटला आणि ते बसवून दाखवले. मध्यसभेतल्या कुणालाही हे सुचले नसते. त्याला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी हेही कळले की ज्याच्यामुळे आपण बेघर होणार त्याला आपण स्वतःच्या हातांनी घर बांधून देत आहोत.

थोरला भाबडा होता. पाचवे वचन मुरल्यावर तो डोळे मिटून म्हणाला, “दौलू, हे गोड लागतं रे. कुणाचं?”

“सभेचं.”

“तुझ्या वचनांना जरा मातीचा वास यायचा. वाईट नव्हता हो. पण हे गोड आहे.”

दौलूने पुढचा घास थोडा मोठा दिला, म्हणजे बोलायला तोंड मोकळे राहू नये. पण जे ऐकायचे नव्हते ते ऐकून झाले होते. त्या दिवसापासून तो थोरल्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागला. वचन उतरताना कानाची कड थरथरते का? आपल्या वचनांच्या वेळी थरथरत होती का? त्याला आठवेना, आणि आठवत नाही याचा राग नव्या वचनांवरच निघाला. ज्याला नाक नाही, डोळे नाहीत, ज्याने एकही साप अंगावर घेतलेला नाही, त्याला हा कान आयता मिळतो आहे.

छत्तिसाव्या वचनाशी दुसरी अडचण उघडी पडली. थोरल्याच्या कानात जागाच छत्तीस वचनांची होती. दौलूने बकुळेबरोबर विचारणा पाठवली. सहा दिवसांनी उत्तर आले: ‘तरुण हत्तींना चाळीस मावतात. थोरल्याला तुम्ही ओळखता, आम्ही नाही. कोणती चार गाळावीत ते तुम्हीच ठरवा.’

एवढा विश्वास त्याच्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. त्या क्षणी त्याला मात्र उत्तरातला ‘गाळावीत’ एवढा एकच शब्द ऐकू आला.

पहिली तीन त्याने चोखपणे गाळली, भरून झालेली होती ती कडुनिंबावर उलटी म्हणून. समुद्रातल्या सापांचे, बर्फातल्या सापांचे आणि सभेच्या स्तुतीचे; खिंडीला तिन्हींचा उपयोग नव्हता. चौथ्यासाठी तो पूर्ण दुपार मानेवर बसून राहिला. उरलेल्या सदतिसांत वेलीसारख्या सापांचे एक वचन होते, तेही खोऱ्यात क्वचितच लागे. ते गाळता आले असते. त्याच्या शेजारी दुसरे एक होते: ‘जो सभेचा शब्द कानाशी आणील, त्याला मानेवर चढू द्यावे.’ आणि सर्वांत शेवटी असे होते: ‘या वचनांत ज्याला वाट दिलेली नाही, त्याला पाय टेकावा.’

दौलूने विचार केला. हे नवे प्रकरण चुकणार, हे नक्की. चुकले की सभा दुरुस्ती धाडणार, आणि चुकलेले पुन्हा गोड होणार. पण दुरुस्तीला वाटच नसेल तर? मग चूक चूकच राहील. खोरे म्हणेल, दौलूतात्याच बरे होते. आणि आपल्याला थोरला थोडाच अडवणार? शिवाय, त्याने स्वतःला समजावले, या वचनाने एकही साप अडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मानेवर चढू देण्याचे ते वचन गाळून बाकीची छत्तीस पूर्ण केली, शेवटच्या वचनाचा शेवटचा तुकडा कुजबुजला आणि मानेवरून उतरला. थोरल्याने निरोप म्हणून सोंड त्याच्या पाठीवरून फिरवली. दौलूने पाठ आखडून घेतली.

नव्या वचनांनी पहिल्याच दिवशी तीन बांबू अडवले. तिन्हींत सापाचे तुकडे निघाले. महिनाभरात खोऱ्यातले एकही अंडे गेले नाही. गाढवे, भेकरे, तितर, ज्याच्या त्याच्या तोंडी थोरल्याचे कौतुक. “काय पाय आहे! डोळा असल्यासारखा बघतो.” दौलू एका दगडावर बसून हे ऐके. जनावरे त्यालाही नमस्कार करत, पण आता थोरल्याच्या नंतर. तो सतरावे वचन मनात घोळवत असे: ‘ज्याच्या आत दुसरे काही दडले आहे, त्याला पाय टेकावा.’ त्यातली चूक त्याला भरतानाच दिसली होती. तो वाट पाहत होता.

आधी गालात चणे भरलेला वानर अडला. सगळे हसले, वानराने चणे गिळले, तरी पाय टेकलेलाच राहिला, कारण चणे आता आणखी आत गेले होते. मग घशात मासा असलेला बगळा अडला. हसणे कमी झाले. मग एका संध्याकाळी, उन्हे कड्यावर चढलेली असताना, दिवस भरलेली एक हरिणी माळावरून आली आणि थोरल्याने तिच्यापुढे पाय टेकला. पलीकडे माळावर लांडग्यांची चाहूल होती. ते घाईत नव्हते.

बकुळेने चूक आधीच सभेला कळवली होती आणि वानराच्या वेळचीच दुरुस्ती सकाळी तिच्या चोचीत येऊन पोचली होती. तीनच शब्द होते: ‘पोटातले सोडून द्यावे’, आणि ते सतराव्या वचनाच्या शेवटी जोडायचे होते. दिवसभरात ती चार वेळा मानेवर उतरायला गेली होती. चारही वेळा सोंडेने तिला हलकेच बाजूला सारले होते.

शेवटी सगळी जनावरे दौलूच्या दगडाकडे वळली.

“तात्या, आता तुम्हीच सांगा त्याला,” वानर म्हणाला. “आमच्यापुढं शहाणपणा करतो तो. तुमच्यापुढं नाही करणार.”

हरिणी जवळ येऊ शकत नव्हती. ती जिथे होती तिथूनच म्हणाली, “तात्या, मला आत जागा हवी. इथं उघड्यावर नाही व्हायचं हो माझं.”

या बोलावण्यासाठी दौलू महिनाभर जगला होता. तो सावकाश उठला, अंग झाडले, उंबराची एक डहाळी तोंडात धरली आणि सवयीप्रमाणे थोरल्याच्या पुढच्या पायावर चढू लागला. गुडघ्यापर्यंत पोचला तोच सोंडेने त्याला उचलून खाली ठेवले, आणि त्याच्यापुढे पाय टेकला.

“अरे, मी आहे. दौलू.”

“ओळखलं की,” थोरला म्हणाला. “मुंगसाला वाट आहे. हा पाय उचलतो, जा आत. पण तू वर निघालायस.”

“कानाशी एक शब्द न्यायचाय.”

“कुणाचा?”

“सभेचा.” मग तो म्हणाला, “बरं, माझा समज.”

“कुणाचाही असो, दौलू. मानेची वाट कुणालाच दिलेली दिसत नाही.”

“आजवर मीच नाही का बसत होतो तिथं?”

“बसत होतास. तेव्हा वचनं तुझी होती.” थोरल्याला वाईट वाटलेले दिसत होते, त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “थांब, म्हणून बघतो. मीच काही विसरत असेन. म्हाताऱ्याचं डोकं.”

आणि थोरला पहिल्यापासून वचने म्हणू लागला, मोठ्याने, एकही शब्द न गाळता, दौलूने घातलेल्या सांध्यांसकट. सगळी खिंड ऐकत होती. सुळ्यावर बसलेल्या बकुळेला चाळीसही पाठ होती. तिची चोच त्याच्याबरोबर नकळत हलत होती. समुद्र, बर्फ आणि स्तुती या तिन्ही ठिकाणी ती क्षणभर थांबली आणि समजून पुढे गेली. वेलीच्या वचनापर्यंत दोघे बरोबर होते. त्यानंतर थोरला सरळ शेवटच्या वचनाकडे गेला, आणि बकुळेची चोच एकटीच हलत राहिली. तिने वचन पुरे केले. मग तिने दौलूकडे पाहिले.

“नाहीच,” थोरला म्हणाला. “तरी पुन्हा एकदा म्हणतो. कुठं सुटलं असेल तर.”

माळावर हरिणी गुडघे टेकून बसली होती. थोरल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, अधिक सावकाश, प्रत्येक वचनापाशी थांबून, प्रामाणिकपणे शोधत. वेलीचे वचन आले आणि संपले. त्या ठिकाणी या वेळी दोन आवाज उठले, एक सुळ्यावरून आणि एक खालून, धुळीतून, डहाळी गळून पडलेल्या तोंडातून: ‘जो सभेचा शब्द कानाशी आणील, त्याला मानेवर चढू द्यावे.’

थोरल्याने ते ऐकले. “छान आहे,” तो म्हणाला, आणि शेवटचे वचन म्हणू लागला.