नळीने तोंड उघडलं

फार जुनी नाही, पण यंत्रं माणसांशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. अनसूयाकाकूंच्या चिकूच्या बागेत एक छोटा ट्रॅक्टर होता. एकदा त्याचं स्टेअरिंग दगडासारखं जड झालं आणि वळताना, तेलाच्या दाबाने ते हलकं ठेवणारा पंप कण्हू लागला.

"हा पंप थकलाय, तेल ढकलतच नाही," स्टेअरिंग म्हणालं. "बदला त्याला!"

पंप बिचारा कण्हतच राहिला. टाकीतलं तेल पंपाकडे नेणारी रबरी नळी मात्र कासावीस झाली. तिचं टोक आवळून धरणारी पट्टी सैल पडली होती आणि तिथून तेलाबरोबर हवा ओढली जात होती. बाहेर थेंबही सांडत नव्हता, त्यामुळे कुणाला संशय येत नव्हता. बोललं तर काकू आपल्यालाच फेकून देतील, या भीतीने ती मूग गिळून बसली होती.

काकूंनी पाना घेतला आणि पंपाचा पहिला बोल्ट सैल केला.

"काकू, थांबा!" नळी ओरडली. "पंप चांगला आहे. माझ्यातून हवा जातेय."

काकूंनी टाकीचं झाकण उघडलं. तेलावर फेस आला होता. त्यांनी नळी चाचपली आणि त्या हसल्या. "अगं वेडे, नुसती पट्टी तर आवळायची आहे. आधी नाही का सांगायचं?"

त्यांनी बोल्ट आणि पट्टी घट्ट केली, तेल भरलं आणि ट्रॅक्टर सुरू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवलं. बुडबुडे निघून गेले. कण्हणं थांबलं.

"मला तर वाटायला लागलं होतं, की मी खरंच थकलो," पंप नळीला म्हणाला.

स्टेअरिंग ओशाळलं. बागेतल्या पहिल्याच वळणावर त्याने हळूच विचारलं, "पंपदादा, जड नाही ना जात?"

"छे! वळ बिनधास्त," पंप म्हणाला.