टोपलीतली गारगोटी

“मग ती शेवटची चीज कधी देणार, तात्या? मी म्हातारा झाल्यावर?”

येसबा तात्या सनईची पत्ती ओठांत धरून भिजवत बसले होते.

त्यांचा शिष्य जालिंदर समोर उभाच होता. त्याला बसायचं नव्हतं. कौठ्याच्या पाटलांकडचं लग्न तोंडावर आलं होतं. सुपारी या खेपेला त्याच्या एकट्याच्या नावानं आली होती. आणि तिथं छाती काढून सांगायचं होतं, तात्यांची सगळी विद्या घेऊन आलोय म्हणून.

“पंचक्रोशीत माझ्यासारखा दम कुणाचा आहे?”

“कुणाचा नाही.”

“अन् अशा धुनी?”

“त्याही नाहीत.”

ते खोटं नव्हतं. तात्यांनी एक चीज मागं ठेवलीय हे कळल्यापासून जालिंदर तिच्या मागावर होता. रात्री डोकं खाजवायचा, सकाळी नवी धून बांधून आणायचा. “हीच का ती?” तात्या मान हलवायचे. “नव्हे.” तात्यांनी नव्हे म्हटलेल्या त्या धुनी आता गावोगावच्या वरातीत वाजत होत्या. लोक त्यांना जालिंदरच्या धुनी म्हणत.

“आज द्या. नाहीतर मी हा निघालो. परत पायरी चढणार नाही.”

तात्यांनी पत्ती बाजूला ठेवली.

“तलंगेनं अंडं दिलं का रे?”

जालिंदर चिडला. कोंबड्यांच्या खुराड्याचं काम त्याच्याकडं होतं खरं, पण ही काय वेळ झाली?

“नाही. सोमवारपासून नाही. आत्ताशी अंड्यावर आलेली पोर, पण मिजास बघा तिची! टोपलीत डोकावते अन् चालती होते.”

“टोपलीत काय आहे?”

“काही नाही. तुम्ही एक अंडं कायम मागं ठेवत होता ना, ते नासलं होतं. फेकून दिलं. टोपली कशी लख्ख केली.”

“अस्सं...”

तात्या काठी टेकत उठले. कुंपणाशी वाकून त्यांनी एक पांढरी गारगोटी उचलली. धोतराला पुसली. मुठीत धरून तिला ऊब दिली. मग टोपलीतल्या पेंढ्यावर हलकेच ठेवली.

“उद्या जा,” ते म्हणाले. “एवढी रात्र थांब.”

सकाळी तलंगेनं अंगण डोक्यावर घेतलं. मान ताठ, तुरा लाल, जणू पाटलीणबाईच. जालिंदर धावत गेला. टोपलीत गारगोटीला लागून एक लहानसं अंडं होतं.

“फसली!” तो पोट धरून हसला. “दगडाला भुलली येडी! तात्या, बघा तरी...”

हसता हसता तो थांबला.

टोपलीकडं बघत राहिला.

“तात्या... ती शेवटची चीज... आहे ना? का तीपण...”

तात्यांनी टोपलीत हात घातला. गारगोटी तिथंच राहू दिली. अंडं उचललं आणि जालिंदरच्या तळहातावर ठेवलं. ते अजून ऊन होतं.

“आधी सांग,” ते म्हणाले, “हे घातलं कुणी?”