दोघं दोघं या

मृत्यू नोंदणी कार्यालयाचा सर्व्हर तीन दिवस सारखा बंद पडत होता आणि बाहेर दाखल्यासाठी माणसं मान खाली घालून बसली होती. सिस्टीम सांभाळणाऱ्या यमुना हिंगमिरेला कारण ठाऊक होतं. “एवढंच पाठवा, हे संपलं की पुढचं,” असं सर्व्हर प्रत्येक स्मशानभूमीच्या कॉम्प्युटरला सांगायचा. ती मर्यादा कार्यालयप्रमुख धामणस्कर साहेबांनी हट्टाने काढायला लावली होती. मग सगळीकडून माहिती एकदम येऊन आदळली आणि मेमरी भरून गेली.

“मर्यादा कशाला हवी? पटवून द्या बाई, नाहीतर उद्यापासून येऊ नका,” साहेब गुरगुरले.

यमुनाने साहेबांच्या केबिनचं दार सताड उघडलं. एरवी शिपाई चिठ्ठी बघून दोघांनाच आत सोडायचा. आज चाळीस जण अर्ज घेऊन टेबलाभोवती दाटले. साहेबांची एक सही पुरी होईना.

“अहो, दोघं दोघं या!” ते ओरडले.

“सर्व्हर हेच सांगत होता साहेब. तुम्ही त्याला गप्प केलंत.”

तासाभरात मर्यादा परत बसली. बायकोचा दाखला हातात घेत एक म्हातारे गृहस्थ पुटपुटले, “चला, आता ती गेली म्हणायला हरकत नाही.”