काशाच्या घंटेत कोंडलेला आवाज

एका राज्यात, जिथली साळुंकीसुद्धा माणसासारखी बोलायची, कनकी नावाची पाच वर्षांची राजकन्या मुकी झाली. घडलं ते असं. धूम्राक्ष मांत्रिक भरदुपारी राजवाड्यात घोरत पडला होता आणि ही पोर पळीनं परात बडवत होती. झालं! मांत्रिकाची झोपमोड झाली. त्यानं तिचा आवाज ओढून काशाच्या घंटेत कोंडला नि राणीला म्हणाला, "माझ्या डोळ्यांना नाद दाखव. नाद दोऱ्यावरून चालवून आण. मग ही घंटा बोलती कर. मुदत तीन दिवस. नाही जमलं, तर आवाज माझा."

राणी सुलक्षणेनं पंडितांना बोलावलं. पंडितांनी पोथ्या उलटल्या, शेंड्या कुरवाळल्या, हाती भोपळा! तेव्हा राजवाड्यातली साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, पोथीत काय शोधता? लेकीला घेऊन मुदपाकखान्यात जा."

मायलेकी गेल्या. पहिल्या दिवशी राणीनं मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून बांधलं, वर मोहरी पसरली. कनकीनं शेजारी परात वाजवली मात्र, कातड्याला कुणी बोटही न लावता मोहरी टणाटण उडू लागली.

"मांत्रिकबुवा, नाद थरथरतो. पाहा."

"पाहिला," धूम्राक्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोन करवंट्यांना भोक पाडून रेशमी दोरा ओवला. एक करवंटी मांत्रिकाच्या कानाला, दुसरीत राणी कुजबुजली. छे! त्याला काही ऐकू येईना. दोरा सैल लोंबत होता. कनकीनं आईचा पदर धरून तिला चार पावलं मागं ओढलं. दोरा ताठ झाला.

"लहान लेकरू आहे हो ते," मांत्रिकाच्या कानात शब्द उमटले.

तो दचकला. "ऐकलं. पण घंटा अजून मुकीच आहे."

तिसरा दिवस उजाडला. त्या घराण्याची रीत अशी, की जिवाभावाची वस्तू कधी खाली ठेवायची नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरायची. राणीनं घंटा तशीच कवटाळली. दासीनं ठोका दिला. ठप्प. पुन्हा दिला. ठप्प! सूर्य कलला आणि राणीला रडू कोसळलं.

कनकीनं परात वाजवली, तिच्यावर तळहात टेकवला. परात गप्प झाली. पोर थबकली, मग धावत येऊन आईची बोटं एकेक सोडवू लागली.

"नको गं, पडेल! तुझा आवाज आहे त्यात!"

साळुंकी म्हणाली, "धरून ठेवलंत, तर ती थरथरणार कशी?"

राणीनं काळजावर दगड ठेवला. घंटा दोरीनं तुळईला टांगली आणि हात काढून घेतले. कनकीनं पळी हाणली.

ठणणण! राजवाडा घुमला, वेशीपर्यंत घुमला.

"आई, मला भूक लागलीय! आणि ती मोहरी पुन्हा नाचवू या ना!"

राणी लेकीकडे धावली, हसावं की रडावं तिला कळेना. धूम्राक्ष उठला, "शाप फिटला," एवढं म्हणून चालता झाला. सुटलो एकदाचे, असं साऱ्या राज्याला वाटलं. कनकी मात्र जी बोलत सुटली, ती डोळा लागेपर्यंत थांबली नाही. आणि राणीनं तिला एकदाही "गप्प बस" म्हटलं नाही.