आधी धोंडस, मग मासे

पानात पहिलं धोंडस आलं म्हणून चक्रावलात ना? सुरंगवाडीत आलेला प्रत्येक पाहुणा चक्रावतो. माशांच्या तिखल्याचा वास घरभर सुटलेला असतो, तोंडाला पाणी सुटलेलं असतं, आणि समोर येतं ते गोड: जून तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा कीस, रवा, गूळ नि खोबरं कालवून, खालीवर निखारे ठेवून भाजलेलं. त्यावर कहर म्हणजे ओहोटी लागायच्या आत घरधनीणच पाहुण्याला पानावरून उठवते. शहरातली माणसं तर रुसूनच जातात. रुसू नका. जेवता जेवता द्वारकीची गोष्ट ऐका.

फार जुनी गोष्ट. द्वारकी विधवा बाई, आणि मैनी तिची एकुलती लेक. मैनीला खाडीच्या तोंडापलीकडच्या गावात दिली होती. लग्नानंतर लेक-जावई पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. द्वारकी पहाटेपासून चुलीपाशी. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगा घालून कोळंबी, परसातला लाल माठ. काय करू नि काय नको असं तिला झालं होतं. या धांदलीत धोंडस तेवढं उशिरा चढलं, आणि मैनीचा सगळा जीव त्या धोंडसावर.

मासे-भात झाला. जावई पुन्हापुन्हा दारातून पाण्याकडे बघू लागला. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि दर्याच्या लाटा समोरासमोर भिडतात. पाणी फिरायच्या आत होडी पलीकडे गेली पाहिजे, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पुढची भरती रात्रीची, आणि पहाटे त्याला जाळी टाकायला जायचं होतं.

"आये, निघतंव आमी," मैनी म्हणाली.

"गोड न खाता? थोडी थांब गो. होतलाच आता."

द्वारकीने झाकण उचलून पाहिलं. मध्ये ओलंच होतं. तिने झाकणावर आणखी निखारे चढवले.

"तसाच दी गो. घराक जावन भाजीन."

"कच्चा कसा देऊ? थांब म्हटला ना!"

मैनी चुलीपाशी बसली. तिलाही आईला सोडून जाववत नव्हतं, म्हणे.

धोंडस झालं. द्वारकीने ते केळीच्या पानात गुंडाळून, फडक्यात बांधून लेकीच्या हाती दिलं. तोवर पाणी फिरलं होतं, तरी दोघांनी होडी लोटली. द्वारकी काठावर उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत होडी पालथी झाली. जावई कसाबसा पोहत आला. मैनी आली नाही.

दुसऱ्या दिवशी लाटांनी फडकं पुळणीवर आणून टाकलं. गाठ तशीच होती. असं सांगतात की द्वारकीने ती गाठ सोडली आणि तिथेच वाळूत बसून ते खारट, भिजलेलं धोंडस एकटीने खाल्लं, कण न ठेवता. जवळ जायची कुणाची छाती झाली नाही. त्यानंतर वर्षभर ती कुणाशी बोलली नाही.

पुढल्या वर्षी शेजारच्या सुंद्रीची नुकतीच लग्न झालेली लेक माहेरी आली. पान मांडायच्या आत द्वारकी धोंडस घेऊन दारात हजर. तिने स्वतःच्या हाताने पोरीला पहिला घास भरवला आणि पाण्याकडे तोंड करून उंबऱ्यात बसली. पोरगी अर्ध्या जेवणावर असताना द्वारकी उठली, तिचा हात धरला. "ऊठ गो बाय. पाणी फिराक इला." सुंद्री थांब म्हणायला गेली, तशी द्वारकीने तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरगी सुखरूप पोचली. काठावर द्वारकी तेव्हा ऊर फुटेस्तोवर रडली, म्हणे. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच.

आजही सुरंगवाडीत आधी धोंडस वाढतात, आणि त्यात चिमूटभर मीठ जास्त पडतं. तुम्हाला लागलंच असेल. पलीकडे आता पूल झालाय, तरी माहेरी आलेल्या लेकीला इथली आई थांब म्हणत नाही. म्हणावंसं फार वाटतं, पण म्हणत नाही.

तुमचं धोंडस खाऊन झालं ना? मग तिखलं राहिलं तरी चालेल. ती बघा, या घरची धनीण, आमची वयनी, पाण्याकडे बघायला लागली. उठा आता.