मोतीशेटच्या दुकानात नसलेली वस्तू

"बाजारातली बायकांची दुकानं उद्या उठवा!"

अंबरगडच्या राजानं हुकूम सोडला आणि मोतीशेटला आकाश ठेंगणं झालं. राजाचे कान त्यानंच भरले होते. राजवाड्याला धान्य पुरवूनही त्याचं समाधान होईना. चार बायका रस्त्याकडेला बसून डाळ, हळद, पापड विकतात आणि गिऱ्हाइकं तिकडं वळतात, हे त्याच्या डोळ्यांत सलत होतं. पोट नगाऱ्याएवढं, मन मात्र मोहरीएवढं!

बायकांच्या वतीनं डाळवाली गोजरा दरबारात गेली. दुकान उठलं तर घरची चूल विझणार, हे ती जाणून होती. इथं रडून काही मिळणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"महाराज, आमचा गुन्हा काय?"

"गुन्हा नाही, पण तुमची गरजही नाही," राजा जांभई देत म्हणाला. दरबाऱ्यांनी लगेच त्याच्यासाठी चुटक्या वाजवल्या. एवढंच तर काम होतं त्यांना! "सुईपासून तोफेपर्यंत सगळं शेटजींकडं मिळतं. त्यांच्याकडं नाही अशी एक तरी वस्तू तुझ्या दुकानातून आणून दाखव. दाखवलीस तर दुकानं राहतील!"

"कशाला पायपीट करतेस, बाई?" शेटनं मिशीला पीळ दिला. "माझ्याकडं नाही असं जगात काही नाही!"

गोजरा गेली आणि एक टोपली घेऊन परतली. टोपलीत खडे, मातीची ढेकळं आणि किडके दाणे होते.

"हे हाय का तुमच्या दुकानात, शेटजी?"

शेट उसळला. "खडे? माझ्या दुकानात? अगं, एक खडा सापडला तर मिशी उतरवीन!"

"मग जिंकले मी, महाराज!"

"हा कचरा?" राजा भडकला.

"कचराच हाय! पण आमची अन् शेटजींची तूर एकाच खळ्यावरनं येती. मी दिवसभर सूप घेऊन निवडते, तवा ही टोपली भरती. शेटजींच्या दुकानात तर एक बी खडा न्हाई. मग त्येंच्या डाळीतले खडे जात्यात कुठं?"

राजाचा हात आपोआप गालावर गेला. कालच आमटी खाताना त्याची दाढ कचकन हलली होती.

"आमच्या ताटात!" तो गरजला. "बोला शेटजी, खडे आहेत की नाहीत दुकानात?"

शेट कात्रीत सापडला. आहेत म्हणावं तर मिशी जाते, नाहीत म्हणावं तर राजवाडा! त्यानं दोन्ही हातांनी मिशी झाकून घेतली.

ते ध्यान पाहून राजाला हसू आवरेना. दुखरी दाढ धरून तो खो खो हसत सुटला.

"दुकानं राहतील! आणि आजपासून राजवाड्याची डाळ तुझ्याकडून, गोजराबाई! हा शेट महिनाभर तुझ्या दुकानी बसून डाळ निवडेल!"

गोजरानं हात जोडले.

"तेवढं नगं, महाराज! ज्येला जन्मात खडा दिसला न्हाई, त्यो काय निवडनार?"

राजा हसता हसता गादीवरून घसरला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं गोजराच्या ओंजळीत टाकलं.